एका ग्रामसभेचा ठराव : अणुप्रकल्पांवर हल्ले नकोत, तपासणी सुरू ठेवा

पार्श्वभूमी

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. कापूस, सोयाबीन, तूर ही पिकं आणि हजाराच्या वर मतदार. गावाचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. गावातले दोन तरुण आयटीआय करून कतारमध्ये वेल्डर आणि फिटर म्हणून कामाला आहेत. जून २०२५ पर्यंत गावाचा आखाती राजकारणाशी एवढाच संबंध होता.

१३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले. त्यात नतान्झचा युरेनियम समृद्धीकरण प्रकल्पही होता (समृद्धीकरण म्हणजे युरेनियम अणुइंधन किंवा बॉम्बसाठी वापरण्याजोगं करणं). इराणच्या अणुकार्यक्रमावर इराण आणि अमेरिका यांच्यात ओमानच्या मध्यस्थीने चर्चेच्या पाच फेऱ्या झाल्या होत्या, सहावी १५ जूनला मस्कतमध्ये व्हायची होती. ती रद्द झाली. २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुप्रकल्पांवर हल्ला केला. फोर्दो आणि नतान्झवर मिळून १४ बॉम्ब टाकले गेले, एकेक बॉम्ब सुमारे साडेतेरा टन वजनाचा. २३ जूनच्या रात्री इराणने कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली, कतारने आपलं हवाई क्षेत्र बंद केलं आणि गावातल्या दोन घरांमध्ये रात्रभर कोणी झोपलं नाही. पोरांचे फोन लागले ते सकाळी. दुसऱ्या दिवशी युद्धबंदी झाली.

त्याच दिवसांत देशातही राजकीय वाद रंगला होता. सरकारने तणाव कमी करावा, संवाद आणि राजनयाचा मार्ग धरावा, अशी भूमिका घेतली. पंतप्रधान २२ जूनला इराणच्या अध्यक्षांशी बोलले. सोनिया गांधी यांनी आदल्याच दिवशी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून सरकारच्या मौनावर टीका केली होती, डाव्या पक्षांनीही हल्ल्यांचा निषेध केला होता. अमेरिकेच्या सिनेटमध्ये संसदेच्या परवानगीशिवाय इराणवर कारवाई करू नये असा प्रस्ताव आला आणि २७ जूनला ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला. एवढं सगळं टीव्हीवर पाहून गावातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आणि कतारमधल्या एका मुलाच्या आईने सरपंचांकडे विषय नेला : आपल्या ग्रामसभेने काही म्हणायला हवं.

पेच

पहिला मसुदा मुख्याध्यापकांनीच लिहिला. तो दोन पानी होता आणि त्यात तीन गोष्टी एकत्र झाल्या होत्या. इस्रायल-अमेरिकेचा जाहीर निषेध, ‘जगात शांतता नांदो’ असा परिच्छेद आणि खत-डिझेलच्या टंचाईबद्दल तक्रार. हा मसुदा व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला आणि एका रात्रीत गावात दोन बाजू झाल्या. मे महिन्यातल्या ऑपरेशन सिंदूरच्या आठवणी ताज्या होत्या. ‘आपणच महिन्यापूर्वी हल्ले केले, आता दुसऱ्याला चर्चा शिकवायची का?’ असा एक सूर. दुसऱ्या बाजूला स्टेटसला लावलेल्या काही चित्रांवरून मुस्लिम घरांतल्या आणि इतर तरुणांमध्ये बोलाचाली झाली. पोलीस पाटलांनी दोन्हीकडच्या पोरांना बसवून ते मिटवलं. ठरावाचा हेतू काहीही असो, मजकूर असाच राहिला असता तर तो गावातच भांडण लावून थांबला असता.

दुसरी अडचण अधिकाराची. परराष्ट्र व्यवहार, अणुऊर्जा आणि युद्ध-शांतता हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीत आहेत. ग्रामपंचायतीला त्यावर निर्णय घेता येत नाही. ग्रामसेवकांनी (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं असलं तरी गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं) हे पहिल्याच बैठकीत सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

तिसरी अडचण माहितीची. ग्रुपवर ‘किरणोत्सर्ग वाऱ्याबरोबर भारतात येणार’ असे मेसेज फिरत होते आणि मसुद्यातल्या एका वाक्यात तेच शिरलं होतं.

समोर असलेले पर्याय

काहीच न करणं हा पर्याय सोपा होता. सरपंचबाईंचा कलही आधी तिकडेच होता, कारण निवडणुकीचे वारे होते आणि कुठल्याही बाजूने अंगावर आलं तरी नुकसानच. देशांची नावं घेऊन निषेध करणं हा दुसरा. तो मुख्याध्यापकांना हवा होता. तिसरा म्हणजे ग्रामसभेला मध्ये न आणता गावकऱ्यांच्या सह्यांचं निवेदन तहसीलदारांमार्फत पाठवणं. चौथा, ग्रामसभेने आदेश किंवा निषेधाच्या भाषेत न बोलता केंद्र सरकारला विनंती करणारा ठराव घेणं.

चौथ्या पर्यायाला आधार मिळाला राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१ मधून. आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षितता वाढवणं आणि आंतरराष्ट्रीय तंटे लवादाने मिटवण्यास प्रोत्साहन देणं, यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असं हे मार्गदर्शक तत्त्व सांगतं. नागरिकांच्या सभेने सरकारला घटनेतल्याच तत्त्वाची आठवण करून देणं आणि सरकारच्या अधिकारात हात घालणं, यात फरक आहे. ग्रामसेवकांनी ‘ठरवते’ऐवजी ‘विनंती करते’ हा शब्द सुचवला आणि इतिवृत्तात नोंद घ्यायची तयारी दाखवली. पुढचं सगळं या एका क्रियापदामुळे शक्य झालं.

मसुद्यावरची घासाघीस

इथे सर्वात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. शांततेचं आवाहन करणाऱ्या बहुतेक पत्रकांत मागणीच नसते. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून पुढे काय करायचं हे कळत नाही, म्हणून ती फायलीत जातात. जुलैभर मुख्याध्यापक, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, बचत गटाच्या दोन बाया आणि सरपंच असे पाच जण वाक्यावाक्यावर बसले.

किरणोत्सर्गाचं वाक्य आधी काढलं. हल्ल्यांनंतर प्रकल्पांबाहेर किरणोत्सर्गाची पातळी वाढलेली नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने (आयएईए) सांगितलं होतं. नतान्झ-फोर्दोसारख्या ठिकाणी युरेनियम हेक्साफ्लोराइड असतं. ते बाहेर पडलं की हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, जे फुप्फुसं आणि कातडी जाळतं. हा धोका मुख्यतः रासायनिक आणि आवाराच्या जवळपासचा. चालू अणुभट्टीची गोष्ट वेगळी. बुशेहरला हजार मेगावॅटची अणुभट्टी आहे, तिच्यावर थेट हल्ला झाला तर परिणाम फार गंभीर होतील, असा इशारा आयएईएचे प्रमुख राफाएल ग्रोसी यांनी २० जूनला सुरक्षा परिषदेत दिला होता. ठरावात हा फरक न करता घबराट लिहिली असती, तर एका जाणत्या वाचकाने पहिल्याच ओळीवर कागद बाजूला ठेवला असता.

खत-डिझेलचा परिच्छेदही गेला. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो आणि भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो, हे खरं. पण जूनमध्ये सामुद्रधुनी बंद झाली नाही, कच्च्या तेलाचे भाव चढून आठवडाभरात उतरले आणि गावाच्या पंपावरचा डिझेलचा दर जागचा हलला नाही. डीएपी खताची टंचाई तर युद्धाच्या आधीपासून होती. चीनने निर्यात आखडती घेतल्याचा त्यात मोठा वाटा होता. दुकानात बॅग मिळत नाही याचा राग खरा, कारण मात्र वेगळं.

मग नावं घ्यायची की नाही, यावर वाद झाला. मुख्याध्यापकांचं म्हणणं, ज्याने हल्ला केला त्याचं नाव न घेणं हा भित्रेपणा. तंटामुक्तीचे अध्यक्ष धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा दाखला देत म्हणाले, “गुरुजी, धुऱ्याच्या भांडणात मोजणीवाल्यालेच हाकलून देल्लं, तं धुरा कुठी होता हे सांगनार कोन? आपन मोजणी चालू ठेवा म्हनू. मंग ते दोघाईले लागू पडते.”

प्रश्नाचा गाभा हाच होता. २०१५ च्या अणुकरारात इराणने समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोवर मर्यादित ठेवायचं मान्य केलं होतं. जास्तीचं बरंचसं युरेनियम त्याच वर्षी जहाजाने रशियाला गेलं आणि निरीक्षक आत होते. ८ मे २०१८ ला अमेरिका करारातून बाहेर पडली. त्यानंतर इराणने एकेक मर्यादा ओलांडली. हल्ले सुरू झाले तेव्हा ६० टक्के समृद्ध युरेनियमचा साठा ४४०.९ किलो होता, असा आयएईएचा अंदाज आहे. हल्ल्यांनंतर इराणने संस्थेशी सहकार्य थांबवण्याचा कायदा केला आणि तो साठा नेमका कुठे, किती, हे पडताळणं बंद झालं. बॉम्बने इमारती आणि यंत्रं मोडली. मोजणी करणारेही बाहेर गेले. राजनयाची बाजू मांडताना हाच मुद्दा सर्वात भक्कम आहे असं आमचं मत आहे, आणि तो भावनेवर उभा नाही.

समितीत उलट बाजूही मांडली गेली, हे चांगलं झालं. सीरियातली अल-किबारची अणुभट्टी इस्रायलने सप्टेंबर २००७ मध्ये पाडली आणि ती पुन्हा उभी राहिली नाही. मग हल्ले कधीच उपयोगी पडत नाहीत, असं कसं म्हणायचं? दुसरं उदाहरण इराकचं. ७ जून १९८१ ला ओसिराक अणुभट्टी पाडली गेली, सुरक्षा परिषदेने ठराव ४८७ एकमताने मंजूर करून निषेध केला, पण इराकचा कार्यक्रम नंतर गुप्तपणे वाढला आणि तो मोडला गेला १९९१ नंतर निरीक्षकांच्या हातून. म्हणून मसुद्यात ‘हल्ल्यांनी काहीच साध्य होत नाही’ असं लिहिलं नाही. ‘हल्ल्यांमुळे तपासणी थांबते आणि साठ्याचा हिशेब लागत नाही’ एवढंच लिहिलं.

जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलचा (अनुच्छेद ५६) उल्लेख मुख्याध्यापकांना हवा होता. तो अणुवीज केंद्रांना संरक्षण देतो. पण भारताने हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही, शिवाय त्यात वीजकेंद्रांची गोष्ट आहे, समृद्धीकरण प्रकल्पांची नाही. आपल्याच सरकारला तो दाखवून काही उपयोग नव्हता.

त्याऐवजी सापडला भारत-पाकिस्तानचा करार, आणि ठरावाला कणा मिळाला. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही, हा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला आणि २७ जानेवारी १९९१ पासून लागू आहे. दर वर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या प्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२ पासून यात खंड नाही. कारगिल झालं, २००१-०२ ला सैन्य सीमेवर उभं राहिलं, पुलवामा-बालाकोट झालं, तरी याद्या गेल्या. अणुवीज आणि संशोधन भट्ट्या, इंधननिर्मिती, समृद्धीकरण, पुनर्प्रक्रिया हे सगळं त्याच्या व्याख्येत येतं. आपलं तारापूर त्यात बसतं. मे २०२५ मध्ये पाकिस्तानातल्या किराणा हिल्स या अणुसाठ्याशी जोडल्या जाणाऱ्या टेकड्यांवर भारताने हल्ला केल्याच्या अफवा उठल्या तेव्हा भारतीय वायुसेनेने पत्रकार परिषदेत त्या नाकारल्या. ‘आपणच हल्ले केले’ या आक्षेपाला एवढं उत्तर पुरलं. लढाईतही ही एक रेषा आपण पाळली, असं आता ठरावात म्हणता येत होतं आणि त्याला गावात कुठल्याच बाजूचा विरोध राहिला नाही.

१५ ऑगस्टला काय फसलं

मसुदा तयार झाला ९-१० ऑगस्टला. तोवर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेची सात दिवसांची नोटीस निघून गेली होती आणि विषयपत्रिकेत हा विषय नव्हता. सरपंचांनी तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ यात घ्यायचं ठरवलं. त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड. झेंडावंदनाला माणसं आली आणि पांगली. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी ती. म्हणजे इथे १०० हवे होते. तेवढे भरले नाहीत, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण तिच्यात मूळ विषयपत्रिकेतलेच विषय घेता येतात. आयत्या वेळचा विषय आपोआप गळला.

या टप्प्यावर एकाने सुचवलं की इतिवृत्तात मागाहून ठराव लिहून टाकू, कोण बघतंय. ग्रामसेवकांनी साफ नकार दिला. तसं केलं असतं तर कोणाही विरोधकाने तक्रार करून ठराव आणि सरपंच दोघांनाही अडचणीत आणलं असतं.

दुसरा प्रयत्न

पुढची नेहमीची ग्रामसभा २ ऑक्टोबरची. पण २०२५ मध्ये त्याच दिवशी दसरा होता. गावातली बौद्ध कुटुंबं धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीला निघणार, बाकीचे सोनं लुटायला. त्या दिवशी अर्धं गाव वगळून असा ठराव घेणं बरोबर नव्हतं. म्हणून दसऱ्यानंतरच्या आठवड्यात विशेष ग्रामसभा लावली, विषय पत्रिकेत छापून, सात दिवस आधी नोटीस आणि आदल्या संध्याकाळी दवंडी.

तोपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले होते. समितीतल्या एका सदस्याला लोक रस्त्यात अडवून विचारत : “काकाजी, आपल्याले इराणशी काय घेनं-देनं? आंधी पंचनाम्याचं बोला ना!” यावरचा निर्णय सरपंचांचा आणि तो अचूक होता. पहिला विषय पंचनामे आणि नुकसानभरपाईच्या यादीचं वाचन, दुसरा हा ठराव. लोक यादीसाठी आले, गणपूर्ती सहज भरली आणि यादीवरचे आक्षेप लिहून घेतल्यावरच दुसरा विषय पुकारला. काही जण उठून गेले, बहुतेक थांबले.

मजकूरही बदलावा लागला. ९ सप्टेंबरला कैरोमध्ये इराण आणि आयएईएमध्ये तपासणी पुन्हा सुरू करण्याबद्दल समझोता झाला होता, पण ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीने सुरू केलेल्या प्रक्रियेने २८ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध परत लागू झाले आणि समझोता अडकला. जुलैच्या मसुद्यातलं ‘तपासणी सुरू राहावी’ हे वाक्य ‘तपासणी पुन्हा सुरू व्हावी’ असं करून घेतलं.

मंजूर झालेला मजकूर असा :

“ही ग्रामसभा राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१ ला अनुसरून केंद्र सरकारला विनंती करते की, (एक) आयएईएच्या देखरेखीखालील कोणत्याही देशाच्या अणुप्रकल्पावर कोणत्याही देशाने सशस्त्र हल्ला करू नये, अशी भूमिका भारताने आंतरराष्ट्रीय मंचावर स्पष्ट शब्दांत मांडावी, (दोन) १९८८ च्या भारत-पाकिस्तान कराराचा आणि याद्यांच्या देवाणघेवाणीचा नमुना पश्चिम आशियातील देशांपुढे ठेवावा, (तीन) इराणने आयएईएच्या निरीक्षकांना पूर्ण प्रवेश द्यावा आणि साठ्याची पडताळणी पुन्हा सुरू करावी, यासाठी भारताने इराणशी असलेले संबंध वापरावेत, (चार) आखाती देशांत काम करणाऱ्या तालुक्यातील कामगारांची यादी जिल्हा प्रशासनाने तयार ठेवावी.”

तिसऱ्या मुद्द्यावर दहा-पंधरा मिनिटं चर्चा झाली. ज्यावर हल्ला झाला त्यालाच अट का, असा प्रश्न एका तरुणाने विचारला. तपासणीशिवाय राजनय म्हणजे नुसता भरवसा, आणि समोरचा तो ठेवणार नाही, हे मुख्याध्यापकांनीच समजावून सांगितलं. जुलैत निषेधाचा आग्रह धरणारे तेच. सूचक एक बचत गटाची सदस्य, अनुमोदक एक मुस्लिम शेतकरी. हात वर करून मतदान, ठराव बहुमताने मंजूर. विरोधातले हात मोजून इतिवृत्तात लिहिले गेले.

पुढे काय झालं

ठरावाची प्रत नियमाप्रमाणे पंचायत समितीकडे गेली आणि ‘विषय ग्रामपंचायतीच्या कार्यकक्षेत नाही’ असा शेरा मारून परत आली. हे अपेक्षित होतं. म्हणून सरपंचांनी आधीच सहीशिक्क्याच्या प्रती परराष्ट्र मंत्रालय, खासदार आणि जिल्हाधिकारी यांना स्पीड पोस्टने थेट पाठवल्या होत्या. खासदारांच्या कार्यालयातून पोच आली. मंत्रालयाकडून पोचपावतीपलीकडे काही आलं नाही.

ठोस काम झालं ते चौथ्या मुद्द्यावर, आणि तेही गावाने स्वतःच केलं. दहावी पास असलेल्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शिक्का लागत नाही, म्हणून ई-मायग्रेट या परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी पोर्टलवर त्यांची नोंदणी सक्तीची नसते. जूनच्या त्या रात्री घरच्यांकडे कंपनीचं नाव, कॅम्पचा पत्ता, दूतावासाचा नंबर यातलं काहीच नव्हतं. आता ग्रामपंचायतीच्या वहीत बाहेरदेशी असलेल्या प्रत्येकाची पासपोर्टची छायाप्रत, कंपनीचं नाव, कॅम्पचा पत्ता आणि सहकाऱ्याचा एक नंबर आहे. तक्रार करायची वेळ आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर कशी करायची, हे संगणक परिचालकाला शिकवलं आहे. शेजारच्या दोन गावांनी हा नमुना मागून नेला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला मसुदा ग्रुपवर टाकायला नको होता. कच्चा मजकूर वाचून लोकांनी बाजू घेतल्या आणि नंतरचा सुधारलेला मजकूर काहींनी वाचलाच नाही. पाच जणांची समिती आधी, ग्रुप नंतर, हा क्रम सुरुवातीलाच ठरवता आला असता.

विषय १५ ऑगस्टच्या नोटिशीत यायला हवा होता. मसुदा पूर्ण नसला तरी ‘अणुप्रकल्पांवरील हल्ल्यांबाबत केंद्र सरकारला विनंती करणे’ एवढी एक ओळ छापली असती, तरी तहकूब सभेत ठराव घेता आला असता आणि तो कैरो समझोत्याच्या आधी दिल्लीला पोचला असता. दीड महिन्याच्या उशिराने ठरावाची धार कमी झाली, हे मान्य करायला हवं.

महिला ग्रामसभेत हा विषय स्वतंत्रपणे घेतला गेला नाही. मूळ मागणी एका आईची होती. तिने मुख्य सभेत सात-आठ वाक्यं बोलली, पण महिला सभेत तिला जास्त मोकळेपणाने बोलता आलं असतं.

आणि खासदारांना पाठवलेल्या पत्राला लोकसभेतल्या प्रश्नाचा मसुदा जोडायला हवा होता. ‘शांततेसाठी प्रयत्न करा’ यावर खासदार काही करू शकत नाहीत. ‘आयएईएच्या देखरेखीखालील प्रकल्पांवरील हल्ल्यांबाबत भारताची भूमिका काय, ती कोणत्या मंचावर, कोणत्या तारखेला मांडली?’ असा तयार प्रश्न ते सचिवालयात देऊ शकतात. समितीने तो मसुदा आता लिहिला आहे. १ जानेवारीला याद्यांची देवाणघेवाण झाल्याची बातमी आली की तिचं कात्रण जोडून ठराव पुन्हा पाठवायचा, असं ठरलं आहे.